हंडेरावांची कल्हई

भांड्यांच्या त्या राज्यात प्रत्येकाचं अंग रोज सकाळी घासलं जाई, आणि कुणाच्याही आत कुणी डोकावत नसे. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन सगळी एकमेकांच्या पाठी घासत बसत. उन्हं वर येईपर्यंत चौक असा लखलखायचा की कावळेसुद्धा उतरायला बिचकत. दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघणं मात्र असभ्यपणाचं होतं. कुणी तोंड समोर करून आडवं झालंच, तर बाकीच्यांनी डोळे मिटून घ्यायचे, अशी रीत होती. ती सगळ्यांनाच सोयीची होती.

चौकाच्या मधोमध एक थोरला पितळी हंडा बसे. त्याला सगळे हंडेराव म्हणत. दुपारचं ताक वाढण्याचा मान हंडेरावांचा. ते ताक पोटात गेलं की अंगातली आग आणि मनातली भीती दोन्ही निवतात, अशी राज्याची श्रद्धा होती. वाट्या रांगेने येत, हंडेराव झुकून वाढत, वाट्या डोळे मिटून घेत. ताक करायचं काम एका मडकीकडे होतं. मातीची असल्यामुळे तिला घासायची सोय नव्हती, त्यामुळे चमकायचीही नव्हती. पहाटे ताक हंडेरावांच्या पोटात ओतायचं आणि मागे भिंतीशी जाऊन बसायचं, एवढाच तिचा चौकाशी संबंध.

वर्षातून एकदा कल्हई लावायला फिरता भाता यायचा. खोकत, धापा टाकत तो भट्टी पेटवी. ज्याची आतली कल्हई उडाली असेल त्याने सगळ्यांच्या देखत निखाऱ्यांवर बसायचं. नवसागराचा धूर, कथलाचा चटका, आणि उतरताना अंग काळंठिक्कर. आतून मात्र ते भांडं चांदीसारखं उजळलेलं असे. पण आत बघतो कोण?

एका वर्षी एक म्हातारा तांब्या असाच काळा होऊन उतरला, तेव्हा हंडेराव पोट धरून हसले होते. "काय तांबोबा, कुणाच्या चुलीत तोंड खुपसलंत?" सगळा चौक खो खो हसला. तांबोबा त्यानंतर बरेच दिवस कोपऱ्यातून हलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात हंडेरावांच्या तळाशी कल्हईचा टवका उडाला. नखाएवढाच होता. त्या जागी आधी पिवळं पितळ दिसलं, मग हिरवट डाग पडला, आणि डाग हळूहळू पसरू लागला. हंडेरावांना तो आतून झोंबे. त्यांनी त्यावर एक उपाय काढला: बाहेरून दुप्पट घासून घ्यायचं.

भाता आला तेव्हा त्याने हंडेरावांना टिचकी मारून पाहिली आणि कान टवकारले. "या रावसाहेब, बसा भट्टीवर. तुमचा नाद बदललाय."

हंडेरावांच्या कानात तो जुना हशा घुमला. तोच आता आपल्या वाट्याला येणार. "आमचं काय अडलंय, बुवा?" ते म्हणाले. "आधी गोरगरिबांना बसवा." केवढं मोठं मन, असं सगळे कौतुकाने बोलले. भाता भट्टी विझवून पुढच्या गावाला गेला.

थोड्याच दिवसांत ताक कळकू लागलं. आधी वास आला, मग चव गेली, मग वाट्या पोट धरून पडू लागल्या. त्यातली सर्वांत लहान वाटी तर उठेचना. चौकात सभा भरली. पळी सगळ्यांच्या ताटात फिरलेली, म्हणून बोलण्याचा हक्क तिचाच.

"ताक कुणी केलं?" पळीने विचारलं.

"मी केलं," मडकी भिंतीजवळून म्हणाली. "पण माझ्याकडे होतं तोवर गोड होतं हो. हंडेरावांना विचारा की. ओतलं तेव्हा त्यांनी चाखलंय."

सगळा चौक हंडेरावांकडे वळला. ताक गोड होतं, एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ते उच्चारले तर पुढचा प्रश्न काय असेल, हे त्यांना कळत होतं.

"मातीचं अंग आहे," हंडेराव हळूच म्हणाले. "त्यात काय मुरलं असेल, कुणी सांगावं?"

यात खोटं काय होतं, असं त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर मिळत नव्हतं, म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं. त्याच संध्याकाळी मडकीला वेशीबाहेरच्या शेतात नेलं, काठीवर पालथं घातलं आणि चुन्याने तिच्यावर मोठाले डोळे काढले. पाखरं हाकलायलाही कुणीतरी हवंच की, असं म्हणत सगळी हात झटकून परतली.

नवी मडकी आली, पण ताक कळकायचं थांबलं नाही. जुनीचा दोष अजून फिटला नाही, असं पळी म्हणाली. राज्याने उपास धरले. घासणं आणखी वाढलं. लहान वाटी तशीच पडून होती, आणि तिची आई तिच्यासाठी रोज हंडेरावांकडेच ताक मागायला येई. द्या म्हणताना तिचे डोळे मिटलेले असत. हंडेराव वाढत. वाढताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटे की आपण आत्ता इथे फुटून पडावं असं होई. पण पितळ फुटत नाही.

शेवटी एका सकाळी ते घरंगळत शेतात गेले.

"एवढ्या लांब, हंडेराव?" काठीवरून मडकी म्हणाली.

"बाई, डाग माझा आहे."

"ठाऊक आहे मला. रोज ओतणाऱ्याला तळ दिसतो."

"मग सभेत डागाचं बोलली का नाहीस?"

"माझं कुणी ऐकलं असतं? तुम्ही माझ्या मातीवर बोट ठेवलंत तेव्हाच माझं बोलणं संपलं." मग ती म्हणाली, "आता मला नका सांगू. इथे कावळेच आहेत ऐकायला. चौकात सांगा. निदान ती लहानगी वाटी तरी वाचेल."

हंडेराव परतले तेव्हा चौक भरला होता. आता थांबलो तर कायमचं राहील, हे त्यांना कळलं. मधोमध जाऊन ते आडवे झाले आणि वेशीच्या दिशेने त्यांनी आपलं तोंड सताड उघडं टाकलं.

"माझ्या आत बघा," ते ओरडले. "दोष माझा आहे!"

मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

"केवढा हा विनय!" पळी म्हणाली. "दुसऱ्याचा दोषसुद्धा अंगावर घेतात." लहान वाटीची आई हुंदके देऊ लागली. कुणीतरी चिंचेचा कोळ आणला, कुणी राख आणली, आणि मिटल्या डोळ्यांनीच सगळी त्यांच्या पाठीला झोंबली.

पुन्हा सांगायचं म्हणून हंडेरावांनी श्वास घेतला. पण पाठीवर चिंचेचा कोळ गार लागत होता, कितीतरी हात एकदम फिरत होते, आणि त्यांना बरं वाटत होतं. घेतलेला श्वास त्यांनी तसाच सोडून दिला. समोर वेशीपलीकडे काठीवर चुन्याचे ते दोन डोळे उघडे होते, सरळ त्यांच्या तळाकडे बघत. हंडेरावांनी अंग जरासं वळवलं, आणि घासणाऱ्यांना दुसरी बाजू दिली.