दगड होत चाललेला माहूत

एका राज्यात, जिथे नद्या राजाला न विचारता वाहत पण माणसे राजाने सांगितल्यावाचून थांबत नसत, हैबती नावाचा माहूत राहत असे. राजाची हत्तीण चंद्रसेना आणि हैबती यांची जोडी अशी, की एकाला शिंक आली तर दुसरा डोळे मिटी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिच्या मानेवर बसला. कानामागे पायाचा अंगठा टेकवला की ती वळे, टाच दाबली की थांबे. कमरेचा अंकुश नुसता मिरवायला. जमिनीवरून चालायची हैबतीला फारशी सवयच नव्हती. त्याने जग वरून पाहिले होते, आणि वरून जग बरे दिसते.

मग एके सकाळी चंद्रसेना उठली नाही.

त्या राज्याची रीत ऐका. ज्याचे काम संपले त्याने आपले अवजार राजवाड्याच्या खालच्या पायरीवर ठेवावे, मुजरा करावा आणि मागे वळून न बघता निघावे. वरच्या पायरीवरून राजा म्हणे, "तुझे काम संपले." आणि त्या राज्याला शाप असा, की हे शब्द कानी पडले की माणूस पायापासून दगड होऊ लागे. दगड ओठांपर्यंत चढण्याआधी नवे काम हाती लागले तर तो उतरे. नाही लागले तर माणूस असेल तिथे उभा राही, तो कायमचा. राजमार्गाच्या दोन्ही अंगांना असे दगड ओळीने उभे होते. कुणाची मूठ अजून सुकाणू धरल्यागत वळलेली, कुणाची मान अजून मागावर वाकलेली. सणावारी बायका त्यांना तेल-शेंदूर लावीत आणि नैवेद्य ठेवीत. नवल कुणालाच वाटत नसे. राजालाही हे सगळे ठाऊक होते. पण शब्द पणजोबांपासून चालत आलेले, ते गिळले तर रीत मोडते, म्हणून तोही बिचारा बोले.

हैबतीने अंकुश पायरीवर ठेवला. घरी पोचेतो त्याचे दोन्ही अंगठे दगडाचे झाले होते.

वय असे अडनिडे, की शिकायचे दिवस सरले होते आणि बसून खायचे आले नव्हते. केस अर्धे काळे, अर्धे पांढरे. तो कुंभाराकडे गेला, तर चाकावरचे मडके कुंभाराकडे बघून हसले म्हणतात. विणकराकडे गेला, तर धागे त्याच्या बोटांना गुंडाळून बसले. सगळे प्रेमाने बोलले. सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट "या वयात..." असाच झाला. दगड घोट्याला आला.

त्याची बायको गोजरा चुलीपुढून म्हणाली, "तुम्ही निघा."

"कुठे जाऊ? मला वाट ठाऊक नाही."

"ठाऊक नसली तरी निघा. इथे उभे राहिलात तर इथेच राहाल. मग मला रोज तुम्हांला शेंदूर लावावा लागेल, आणि माझ्याने ते व्हायचे नाही."

तिने भाकरी बांधून दिली. वेशीपर्यंत आली, आणि रडायची होती तेवढी तिथे उभी राहून रडली.

वेशीबाहेरच्या शेवटच्या दगडावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. पंख तांबूस, डोळे गुंजेसारखे लाल. हैबती थांबला.

पक्षी म्हणाला, "माझे दर्शन शुभ मानतात. लोक मला बघतात, खूश होतात आणि पुढे जातात. तू का थांबलास?"

"माझ्यापुढे कुठे जायचे ते उरले नाही."

"मग ऐक. ढगांच्या वरच्या डोंगरावर अभ्रनाथ जादूगार बसला आहे. हा शाप त्याचा. पायरीवर ठेवलेले प्रत्येक अवजार दिवस मावळला की नाहीसे होते, ते त्याच्या गुहेत जाते. त्याची तीन कामे कर. मग त्या खजिन्यातले एक अवजार तुला उचलता येईल, आणि दगड उतरेल."

"आणि खजिन्याला शाप आहे का?"

"असतोच," भारद्वाज म्हणाला. "ज्याचे अवजार उचलशील, त्याचेच उरलेले आयुष्य तुला जगावे लागेल." एवढे सांगून तो उडाला.

हैबती चढला. दगडाचे पाय चालत होते, पण त्यांना जमीन कळत नव्हती. ढग खाली राहिले तेव्हा त्याला अभ्रनाथ दिसला. शिळेच्या आसनावर बसलेला, दाढी आसनावरून खाली लोळत गेलेली, डोळे मात्र कालच जन्मल्यासारखे टवटवीत. त्याच्यामागे गुहेचे तोंड उघडे होते आणि आत अवजारांचे ढीग मंद चमकत होते.

अभ्रनाथ म्हणाला, "खालच्या खिंडीत एक वारा अडकला आहे. त्याला बाहेर काढ. हे पहिले काम."

खिंडीत वारा कड्यावर डोके आपटीत होता आणि डोंगर खालपासून हलत होता. हैबतीने काय करावे? माहूतच तो. एका खडकावर चढला आणि वाऱ्याच्या मानेवर उडी घेतली. कानामागे अंगठा टेकवायला गेला, तर वाऱ्याला कान कुठले आणि याला अंगठा कुठला! वाऱ्याने त्याला बोरीच्या जाळीत भिरकावले. तो काटे काढून पुन्हा चढला, पुन्हा भिरकावला गेला. या राज्यात हत्तीखेरीज काही हाकायचे असते हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

शेवटी तो जमिनीवर पालथा पडून राहिला. वारा त्याच्या पाठीवरून गेला, आणि हैबतीला कळले की वारा थरथरतो आहे. त्याच्या मनात आले, हत्ती अंगावर येतो तो रागाने क्वचित. बहुतेक वेळा भिऊन येतो.

"बाबा," तो म्हणाला, "तुला कुठे जायचे आहे?"

वारा थबकला. पाने थांबली, धूळ होती तिथे अधांतरी राहिली. मग कुठूनसा फुलोऱ्यावर आलेल्या भाताचा वास आला, पूर्वेकडून. गलबतांची शिडे भरावीत म्हणून सगळ्यांनी वाऱ्याला पश्चिमेला ओढले होते. त्याला भाताकडे जायचे होते. हैबती उठला आणि वासाच्या दिशेने चालू लागला, आणि एवढा मोठा वारा त्याच्या पाठीला कपाळ टेकून मागोमाग निघाला. खिंडीच्या तोंडाशी वारा सुटला. खालच्या साऱ्या मुलखातले भात एका दमात वाकले आणि पुन्हा उभे राहिले. हैबतीने हात जोडले. कुणाला जोडले ते त्यालाही सांगता आले नसते.

पण मनात त्याच्या अंकुशच होता. दगड गुडघ्यावर चढला.

अभ्रनाथ म्हणाला, "पलीकडच्या माथ्यावर एक तळे चढून बसले आहे. खालची गावे तहानेली आहेत. त्याला उतरव. हे दुसरे काम."

तळे माथ्यावर अंग चोरून बसले होते, कमळांसकट, माशांसकट. हैबती काठावर बसला आणि त्याने तळवा पाण्यावर ठेवला. पाणी आत आत ओढले गेले.

"तुला कुठे जायचे आहे?" त्याने विचारले.

तळे म्हणाले, "खाली. पण मी एकदा उतरले तेव्हा एक गाव बुडाले. माझा माझ्यावर भरवसा नाही."

हे दुखणे हैबतीच्या ओळखीचे होते. हत्ती चढाला हूं की चूं करीत नाही, उताराला मात्र त्याचे पाय लटपटतात. अशा वेळी माहुताने मानेवर बसून उपयोग नसतो. खाली उतरावे, हत्तीच्या पुढे उभे राहावे, त्याच्याकडे तोंड करून एक एक पाऊल मागे टाकावे आणि बोलत राहावे. मग हत्ती उताराकडे बघत नाही, माणसाकडे बघतो.

हैबती तळ्याकडे तोंड करून मागे चालू लागला. "ये. हा दगड आहे, याला वळसा घाल. ये. सावकाश." आणि तळे आले. डोंगरउतारावरून एक अख्खे तळे एका माणसामागून उतरत होते. कमळे डुलत होती, पाण्यातले आभाळ सांडत नव्हते, आणि मासे काठाशी येऊन त्याच्याकडे बघत होते. रानातली जनावरे वाट सोडून उभी राहिली. गावांच्या वर एक खोलगट जागा होती, तिथे तळे बसले आणि त्याने मोठा श्वास टाकला. हैबतीच्या डोळ्यांतून धार लागली, आणि ती पुसायचे त्याला सुचले नाही.

दगड कमरेवर आला होता.

अभ्रनाथ म्हणाला, "आता गुहेत जा. त्यातले तुझे अवजार उचल. हे तिसरे काम."

गुहेत सुकाणू होती, माग होते, वीणा होत्या, कुणाची तरी कात्री, कुणाचा तरी वस्तरा. ज्यांना ज्यांना राजाने निरोप दिला, त्यांचे आयुष्यभराचे हात तिथे पडले होते. ढिगावर सर्वांत वर हैबतीचा अंकुश होता. त्याने धावत जाऊन तो उचलला. मूठ हाताला तशीच बसली. पायाखाली कुठेतरी एक थोरला श्वास उसासल्यासारखा वाटला, आणि त्याच्या गुडघ्यांना ऊब आली. आपलेच आयुष्य पुन्हा जगायचे, यात वाईट काय? तेवढ्यात त्याला आपल्यामागून उतरणारे तळे आठवले. मग त्याने अंकुश परत ठेवला, हळूच, झोपलेल्या पोराला ठेवावे तसा. ऊब गेली. दगड छातीला भिडला.

बाहेर येऊन तो म्हणाला, "आत माझे काही नाही."

"अंकुश तुझाच होता."

"होता."

"मग तू दगड होशील. आजवर जो आपल्या अवजारापर्यंत पोचला, त्याने ते उचलले. जो पोचला नाही, तो वाटेत उभा राहिला. तुझ्यासारखा मला माहीत नाही."

हैबतीने आता त्याच्याकडे नीट पाहिले. दाढीखाली अभ्रनाथ गळ्यापर्यंत दगड होता. आसन आणि माणूस यांत सांधाच नव्हता.

"महाराज, हे केव्हापासून?"

"आताच्या राजाच्या पणजोबापासून. मी त्याचा मेघपाळ होतो. ढग हाकून आणायचे, ढग परत न्यायचे. मग ढग आपले आपण येऊ लागले. राजा पायरीवरून म्हणाला, तुझे काम संपले. माझी दाढी तेव्हा तुझ्या केसांइतकीच पांढरी होती. मी रागाने तेच शब्द शाप करून राज्यावर टाकले. पण ते माझ्या कानांवरही पडले होते."

हैबतीला गळ्याशी गार लागले. बोलायला थोडाच अवकाश उरला होता. पायांनी कळत नव्हते, तळव्यांनी कळत नव्हते, म्हणून त्याने तोंडाने विचारले.

"महाराज, तुम्हांला कुठे जायचे आहे?"

ढग वर चढून त्या दोघांच्या भोवती येऊन उभे राहिले, ऐकायला.

"हसशील," अभ्रनाथ म्हणाला.

"नाही हसणार."

"ढग हाकताना वरून मला नदीचे वाळवंट दिसे. त्यात लोक कलिंगडांचे वेल लावीत. एवढ्या उन्हात, एवढ्या वाळूत, पाण्याने भरलेले फळ. ते कसे होते हे मला कधी कळले नाही. मला कलिंगडे लावायची आहेत."

एवढे बोलला आणि शिळा गळ्यापासून पायापर्यंत तडकली. ज्याच्या शापाने राज्य दगडांनी भरले होते, तो म्हातारा पोरासारखा आपली बोटे उघडून मिटून बघू लागला. मग उठला, लटपटला, आणि हैबतीच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"आणि तुला?" त्याने विचारले. "तुला कुठे जायचे आहे?"

आजवर हैबतीला हे कुणी विचारले नव्हते. त्याने स्वतःलाही विचारले नव्हते.

"तळे उतरवताना," तो अडखळत म्हणाला, "मला चंद्रसेनेची आठवण आली नाही. नंतर त्याची लाज वाटली. पण तेव्हा मी सुखात होतो. मला पुन्हा उंच बसायचे नाही. ज्याला उताराचे भय आहे, त्याच्या पुढे उभे राहून चालायचे आहे."

दगड गळ्यावरून उतरला, छातीवरून उतरला, आणि अंगठ्यांतून मातीत निघून गेला. जमीन कळली. खडे कळले. हैबती खाली बसून दोन्ही हातांनी आपली पावले दाबीत राहिला.

मग ते दोघे राजमार्गाला आले. हैबती प्रत्येक दगडापुढे उभा राहिला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. शेंदूर गळून पडला आणि आत माणसे निघाली. नावाड्याला घंटा ओतायला शिकायचे होते. एका विणकराला काहीच करायचे नव्हते, नुसते ओट्यावर बसायचे होते. त्याचाही दगड उतरला. काहींना उत्तर सुचेना, तर हैबती त्यांच्याजवळ बसून राही. राजमार्ग माणसांनी भरला. बायका हातातला नैवेद्य टाकून धावल्या.

राजा पायऱ्या उतरून खाली आला. असे त्या घराण्यात आधी कुणी केले नव्हते. तो म्हणाला, "आजपासून आम्ही ते शब्द बोलणार नाही. हैबतीने विचारले तेच विचारू." आणि मग, राजाच तो, त्याने पुढे विचारले, "तुझ्या या कामाला काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत, महाराज."

त्या राज्यात बिननावाच्या कामाचा माणूस कधी तगला नव्हता. सगळे दरबारी हैबतीच्या पावलांकडे बघू लागले. पावले धुळीने माखलेली होती आणि एका अंगठ्यावर मुंगी चढत होती. त्याने अंगठा हलवून तिला वाट करून दिली.

पुढे ज्याला ज्याला पायरीवरून उतरायचे भय वाटे, त्याच्यासमोर हैबती येऊन उभा राही आणि त्याच्याकडे तोंड करून मागे मागे चालू लागे. मागे चालणाऱ्याला आपली वाट दिसत नाही. म्हणून गोजरा त्याच्या पाठीशी चाले आणि म्हणे, "जरा डावीकडे या. पुढे खड्डा आहे."

त्याला जसा विचारणारा भेटला आणि पाठीशी बोलणारी भेटली, तसे तुम्हांआम्हांलाही भेटो.