महाराजांचं विखुरलेलं जेवण

चिंचगडच्या दुर्जयराव महाराजांचा कॉम्प्युटर भलताच मंद झाला होता. सकाळी चालू करावा, तर महाराजांची आंघोळ, पूजा, न्याहारी आणि एखाददुसऱ्याला शिक्षा, एवढं सगळं उरकलं तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंय! आणि महाराजांना तर रोज त्यावर आपलं महाकाव्य लिहायचं असायचं. महाकाव्य अर्थातच स्वतःवर.

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या केरबाला दरबारात उभं केलं.

"उद्या दिवस मावळायच्या आत हा घोड्यासारखा पळाला पाहिजे! यातलं काही काढायचं नाही आणि यात काही नवं आणून बसवायचं नाही!"

"जमेल महाराज," केरबा चाचरत म्हणाला. "डिफ्रॅग करावं लागेल. आत विखुरलेलं सगळं एका जागी लावायचं. फक्त दिवसभर कॉम्प्युटरला हात लावू नका."

"माझ्याच कॉम्प्युटरला मी हात लावायचा नाही?" महाराज कडाडले. "लावणार! मला सुचेल तेव्हा लावणार! काम झालं तर बक्षीस देईन, आणि झालं नाही, तर तुला माझं अख्खं महाकाव्य ऐकवीन, मग राज्याबाहेर हाकलीन!"

केरबा घरी आला तो पांढराफटक पडून. त्याची बायको साळू महालाच्या मुदपाकखान्यात वाढपीण होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"राज्याबाहेर जाऊ गं कुठंतरी," केरबा कण्हला. "पण ते महाकाव्य!"

साळूलाही धडकी भरली. दोन वर्षं खपून तिने परसात डाळिंबं लावली होती, आणि यंदा कुठं ती फुलावर आली होती. ती सोडून जायचं? तेही एका काव्यवेड्या माणसाच्या हट्टापायी?

"अहो, महाराजांना दिवसभर बाहेर काढलं तर?"

"तर सगळं होईल. पण ते हलतायत कशाला!"

"ते माझ्यावर सोडा," साळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महाराज लवकरच जेवायला बसले. समोर चांदीचं ताट, आणि ताटात पुरणपोळीचा एवढासा तुकडा!

"हे काय? बाकीचं कुठंय?"

"सगळं तयार आहे महाराज," साळू अदबीनं म्हणाली. "कटाची आमटी नगारखान्यात आहे. तूप हत्तीखान्यात. भात टेहळणीच्या बुरुजावर. उरलेल्या पोळ्या गडभर."

"डोकं फिरलंय का तुझं? जा, उचलून आण!"

"आणते की. प्रधानजी म्हणालेच होते, महाराजांना आता चढण झेपायची नाही."

"मला झेपायची नाही?" महाराज ताडकन उठले. "माझे जोडे आणा रे!"

महाराज दाराबाहेर पडले आणि केरबा दरबारातल्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला.

गड केवढा तरी पसरलेला! नगारखान्यात आमटी भुरकली, तर पोळी तटावर. पोळी मिळाली, तर तूप पार दुसऱ्या टोकाला. हत्तीखान्यात पोचले तोवर एका पोळीवर हत्तीनंच हात मारलेला, म्हणजे सोंड मारलेली! बुरुजावर चढून भाताचा घास घेतला, तर मीठ नाही. मीठ खाली तळ्याकाठी! पण माघार घेतील ते दुर्जयराव कसले! उन्हं कलली तेव्हा महाराज धापा टाकत, मिशीला पुरण लावून दरबारात परतले.

"याला जेवण म्हणतात? वनवास आहे वनवास!"

"पण महाराज, काही कमी होतं का?"

"कमी नव्हतं! पण सगळं एका ताटात का नाही वाढलंस?"

"जिथं जागा दिसली तिथं ठेवलं," साळू म्हणाली. "तुमचा कॉम्प्युटरही असंच करतो. तुम्ही महाकाव्यातली एक ओळ पुसता, चार घालता. बिचारा मोकळी फट दिसेल तिथं त्या कोंबतो. एक तुकडा शिकारीच्या फोटोंपाशी, एक लग्नाच्या व्हिडिओमागे. मग तुम्ही वाचायला मागितलं की सगळे तुकडे गोळा करत हिंडतो. तुम्ही एकच दिवस हिंडलात. तो रोज हिंडतो!"

महाराजांनी पायाची पोटरी चोळली.

"आता बघा," साळू म्हणाली. "तुम्ही गडावर होता तोवर आमच्या ह्यांनी ताट वाढून ठेवलंय."

महाराजांनी बोट लावायचा अवकाश, महाकाव्य झर्रकन उघडलं! फोटो उघडले, व्हिडिओ पळाला. महाराजांनी शोध शोध शोधलं. हरवलेलं काही नाही, नवं काही नाही. पण हार मानायची तर त्यांना सवयच नव्हती.

"काही काढलं नाहीत, काही आणलं नाहीत, नुसतं इकडचं तिकडे केलंत! मग बक्षीस कशाचं?"

केरबाने डोळे मिटले. साळूने मात्र पदर खोचला.

"खरंय महाराज. तुम्ही गादीवर बसलात तेव्हाही नदी होती तिथंच होती, डोंगरही तिथंच आणि माणसंही तीच. तुम्ही काही काढलं नाही, काही आणलं नाही. नुसते बसलात! तरी आम्ही रोज मुजरा करतोच की!"

प्रधानजी खांबामागे सरकले. आणि महाराज असे गडगडून हसले, की मिशीवरचं पुरण उडून प्रधानजींच्या पागोट्यावर पडलं!

"शाब्बास!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि साळूच्या ओंजळीत टाकलं. "आणि केरबा, दर अमावस्येला हे काम करायचं. त्या दिवशी मी शिकारीला जाईन!"