छत्राच्या सावलीतला भात

मुदपाकखान्यात विस्तव पेटवायचा नाही, आणि दुपारी पानात वाफाळता भात मात्र हवाच!

हा हुकूम रत्नसेन राजाचा. भरदरबारात धुराने त्याला ठसका लागला, पगडी घरंगळून प्रधानाच्या मांडीत पडली, आणि सगळा राग निघाला स्वयंपाकीण म्हाळसाबाईवर. "उद्या जमलं नाही, तर गाठोडं बांध!"

मुदपाकखान्याखेरीज म्हाळसाला घरच नव्हतं. पण पापड-सांडगे वाळवण्यात जन्म गेलेला, उन्हाची ताकद तिला ठाऊक होती. सकाळीच तिने अंगणात लाकडी पेटी मांडली, आत भुसा दाबला, काजळी फासलेल्या भांड्यात तांदूळ-पाणी घातलं, वर तसबिरीची काच झाकली आणि राणीसाहेबांच्या आरशाने ऊन आत वळवलं.

ही बाई कुठे चोरून चूल पेटवते की काय, म्हणून राजा स्वतः पहाऱ्याला येऊन बसला. डोक्यावर अर्थातच जरीचं भलंमोठं छत्र. त्याची सावली पेटीवर पडली. म्हाळसाने पेटी सरकवली, तर राजानेही आसन सरकवलं, छत्र मागोमाग आलंच. राजाला बाजूला हो म्हणायचं कसं?

दुपारी झाकण निघालं. तांदूळ अजून टणकच.

"कच्चा!" राजा खूश झाला. "बांध गाठोडं."

"बांधते. पण महाराज, आपण सूर्यवंशी ना?"

"म्हणजे काय! सूर्य आमचा मूळपुरुष."

"मग सकाळपासून ते थोरले महाराज नातवासाठी भात शिजवायला आलेत, आणि नातू त्यांना छत्री दाखवतोय. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांशी असं वागतात होय?"

राजाने वर पाहिलं, पेटीवरची सावली पाहिली आणि घसा खाकरून छत्र मिटायला लावलं. ऊन कलायच्या आत भात मऊसूत झाला. घामाने डबडबलेला राजा दोनदा वाढून घेऊन जेवला. तरी खोड जाईना.

"म्हाळसे, आमच्या पूर्वजाला तू चक्क आचारी केलंस. ही बेअदबी नव्हे?"

"आजोबांनी नातवाला भरवलं, महाराज. त्याला कुणी चाकरी म्हणतं का?"

राजा इतका हसला की पगडी पुन्हा घरंगळली. मुदपाकखाना म्हाळसाकडे कायमचा राहिला, आणि उन्हात बसून रांधायचं म्हणून ते जरीचं छत्रही तिलाच मिळालं. फक्त ते कुठे धरायचं, हे तिला सांगावं लागलं नाही.