चाळीस वर्षांची पटाशी

सावंतवाडीचे सुतार गुंडू मेस्त्री यांची लाकूड कोरायची पटाशी मोडली आणि देवळाच्या दरवाजाचं काम अडलं. म्हणून ते जुन्या वस्तूंचे व्यापारी पोंक्षेशेठ यांच्या दुकानात गेले. शेठना आपल्या ज्ञानाचा भारी तोरा. मखमलीतून जपानी पटाशी काढत ते म्हणाले, "क्योतोच्या एका थोर सुताराने ही चाळीस वर्षं रोज चालवली. पाच हजार पडतील. तुम्हाला यातलं काय कळणार म्हणा!"

मेस्त्रींनी पातं बोटांनी मापलं. "शेठ, पटाशीला धार लावली की ती झिजते. हिचं पातं तर तसूभरही झिजलेलं नाही."

"तीच तर त्याच्या हाताची कमाल!"

"खरंच कमाल," मेस्त्री हात जोडून म्हणाले. "चाळीस वर्षांत ज्याने एकदाही धार लावली नाही, त्या आळशाची पटाशी मी फुकटसुद्धा नेणार नाही."

दुकानातली गिऱ्हाइकं हसू लागली. शेठ घाईने कुजबुजले, "अहो, हळू! खरं सांगतो, ही फारशी वापरलेलीच नाही."

"मग थोर सुताराचे पैसे वजा करा," मेस्त्री म्हणाले, "आणि नुसत्या पटाशीचे सांगा."

बाराशे रुपयांत पटाशी मेस्त्रींच्या पिशवीत पडली. थोर सुतार शेठकडेच राहिला.