पट्ट्याची तारीख

"पण उस्ताद, चांगलं चाललंय ते खोलायचं कशाला?"

निवास एवढ्या जोरात ओरडला की माझा शिलाई मशीनवरचा पाय थांबला.

ओरडणं त्याला भागच होतं म्हणा. बाबालाल उस्तादांचे कान जाऊन तीन वर्षं झाली. चाळीस वर्षं इंजिनात डोकं घालून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? आता ते गॅरेजच्या दारात जीपच्या जुन्या सीटवर बसतात आणि माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखतात.

मी शेजारच्या गाळ्यात सीट कव्हरं शिवतो. पसरणीचा घाट उतरून गाडी वाईत आली की आधी माझी पाटी, मग त्यांचं गॅरेज. त्यामुळे तिथली भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळतात. मधे बोलायची खोड मला नाही. असती तर निवासला कधीच चार शब्द सुनावले असते.

निवास उस्तादांचा शागीर्द. आता गॅरेज तोच चालवतो. गडी कानाचा पक्का. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "दोन नंबरचा इंजेक्टर." खोललं की तोच निघायचा. मेढ्यापासून कोरेगावापर्यंतचे लोक त्याच्या कानासाठी गाड्या आणतात. गर्व होता का? होता की! तो स्क्रूड्रायव्हर मागच्या खिशात मिरवत हिंडायचा.

गाडी होती भिलारच्या उज्ज्वलावहिनींची. त्यांचे मालक सर्जेराव, दोन्ही किडन्या गेलेले. आठवड्यातून तीनदा वहिनी त्यांना शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत घाट उतरतात, साताऱ्याला डायलिसिस करतात आणि संध्याकाळी पुन्हा घाट चढतात. आठ महिने हेच चाललंय.

त्या मंगळवारी वहिनी एकट्याच ऑइल बदलायला आल्या होत्या. बुधवारी सकाळी सर्जेरावांना घेऊन जायचं होतं.

ऑइल बदलून झालं. निवास बॉनेट लावणार, तेवढ्यात उस्ताद उठले आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला त्यांनी बोट टेकवलं.

तिथे पांढऱ्या ऑइलपेंटनं एक तारीख लिहिलेली होती. उस्तादांच्याच हातची. टायमिंग पट्टा, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, बदलला की त्या दिवसाची तारीख बॉनेटच्या आत लिहायची, ही त्यांची जुनी रीत. तारखेला सात वर्षं झाली होती.

"पट्टा बदल," उस्ताद म्हणाले.

आणि त्यावरच निवास ओरडला होता.

"बावीस हजार किलोमीटर झालेत फक्त!" तो म्हणाला. "गाडीच्या पुस्तकात नव्वद हजार लिहिलंय."

"पुस्तकात अजून काय लिहिलंय?"

निवास जरा घुटमळला. "किंवा सहा वर्षं. आधी जे भरेल ते... पण उस्ताद, ही गाडी पाच-सहा वर्षं शेडमध्ये झाकून होती. झिजणार कुठनं?"

"झाकून ठेवलं म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबतं का?"

निवासनं पट्ट्यावरचं झाकण काढलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. मीही सुई-दोरा ठेवून डोकावलो. काळाभोर पट्टा, दाते जिथल्या तिथे, एक चीर दिसेल तर शपथ.

"वहिनी, गाडी चालू करा."

वहिनींनी चावी फिरवली. निवासनं स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला. त्या माउलीचा सगळा जीव त्याच्या चेहऱ्याकडे लागला होता.

"काही नाही," तो हसला. "एकदम गप्प. वहिनी, बिनघोर जा. दिवाळीनंतर बघू."

वहिनींनी इंजिन बंद केलं आणि पर्स उचलली.

"निवास," उस्ताद म्हणाले. "जुन्या गाड्यांना पट्टा नव्हता. चेन होती. ती जायला आली की काय व्हायचं?"

"खुळखुळायची. सकाळी गाडी चालू केली की लांबनं ऐकू यायची."

"किती दिवस आधी?"

"महिना... दोन महिने."

"आणि पट्टा?"

निवासनं स्क्रूड्रायव्हर मागच्या खिशात खोचला.

"पट्टा काय आवाज करतो तुटायच्या आधी?"

"...काहीच नाही."

"मग आत्ता तू काय ऐकलंस?"

निवासचे कान लाल झाले. माणूस चिडला की जे बोलू नये ते आधी बोलतो. "उस्ताद, तुम्हाला इंजिन चालू आहे की बंद तेसुद्धा ऐकू येत नाही," तो म्हणाला, "आणि मला ऐकायला शिकवताय?"

यावेळी तो ओरडला नव्हता. हळूच बोलला होता. पण उस्तादांचे डोळे त्याच्या तोंडावरच होते.

मला इतकं वाईट वाटलं की मी मान खाली घातली. ज्या माणसानं याला पाना धरायला शिकवलं...

उस्ताद काही रागावले नाहीत. आत गेले. पांढऱ्या पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले. ब्रश बुडवला आणि निवासच्या हातात दिला.

"लिही."

"काय लिहू?"

"तारीख. जुनीच्या खाली. हा पट्टा कुठल्या दिवसापर्यंत टिकेल ती. तू ऐकलंयस ना? मग लिही. खाली तुझं नाव घाल. वहिनी त्या दिवसापर्यंत चालवतील."

निवासनं ब्रश उचलला. बॉनेटजवळ नेला.

"दिवाळीनंतर म्हणालास. दिवाळीची लिही."

ब्रश पुढे सरकेना.

"बरं, राहू दे दिवाळी. दसऱ्याची लिही."

निवासनं ब्रश जरा वर नेला, पुन्हा मागे घेतला.

"उद्याची तरी?"

पेंटचा एक थेंब ओघळून निवासच्या मनगटावर आला. तरी तो तसाच उभा.

वहिनींच्या हातातली पर्स पुन्हा सीटवर गेली. "चाचा," त्या उस्तादांच्या समोर येऊन म्हणाल्या, "तो घाटात तुटला तर काय होतं?"

उस्तादांनी निवासकडे बघितलं. म्हणजे, तू सांग.

"इंजिन जागच्या जागी बंद पडतं, वहिनी," निवास खालच्या मानेनं म्हणाला. "आतलं सगळं एकमेकांवर आपटतं. पुन्हा चालू होत नाही. स्टिअरिंग जड होतं. ब्रेक एक-दोनदा लागतो, मग दाबला तरी दबत नाही."

"उतारावर?"

"...उतारावरसुद्धा."

वहिनींनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं. "आठ महिने झाले," त्या म्हणाल्या, "घाट उतरताना मी यांच्याशी एक अक्षर बोलत नाही. सगळं लक्ष गाडीच्या आवाजाकडे. कुठे खुट्ट झालं की काळजात धस्स होतं. यांना वाटतं, मी कंटाळले. आणि मेलं जे तुटायचं त्याला आवाजच नाही?"

निवासनं त्यांच्याकडे बघितलं. मग ब्रश बॉनेटला टेकवला आणि जुन्या तारखेखाली ठसठशीत आकड्यांत त्या दिवसाची, मंगळवारचीच तारीख लिहिली.

ब्रश डब्यात टाकला. स्क्रूड्रायव्हर खिशातून काढून फळीवर ठेवला. पाना उचलला.

साताऱ्याला फोन केला, तिथल्या दुकानदारानं नवा पट्टा वाईच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिला. वहिनींनी शेजारणीला फोन करून सर्जेरावांना जेवायला वाढायला सांगितलं आणि माझ्या गाळ्यात येऊन बसल्या. मी त्यांना चहा दिला. दोनदा दिला. त्यांनी दोन्ही वेळा नको नको म्हणत घेतला.

चार वाजता जुना पट्टा बाहेर आला. निवासनं तो उलटा वाकवून उन्हात धरला, दात न् दात बघितला. मलाही दाखवला. खोटं कशाला बोलू, पट्टा चांगला दिसत होता.

"बघा मास्तर," तो पुटपुटला. पण ते काही पहिल्यासारखं नव्हतं.

नवा पट्टा बसला. निवासचा हात सवयीनं चावीकडे गेला. उस्ताद खाकरले; पट्टा एखादा दाता चुकून बसला असेल, तर चावी मारताच आतलं सगळं आपटायचं. निवास थांबला, चावी सोडली, आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवलं, पूर्ण दोन वेळा, सावकाश. खुणेसमोर खूण आली. पुन्हा बघितली. मग म्हणाला, "वहिनी, आता लावा."

गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "जाते रे बाबा," म्हणाल्या, "अंधार पडायच्या आत घर गाठते."

बुधवारी सकाळी आठला मी नुकतं दुकान उघडलं होतं. वहिनींची गाडी घाट उतरून आली. काचा खाली. वहिनी काहीतरी सांगत होत्या आणि सर्जेराव हसत होते, अगदी मान मागे टाकून. आमच्यासमोर आल्यावर त्यांनी हॉर्न वाजवला, पण थांबल्या नाहीत. सरळ साताऱ्याच्या रस्त्याला लागल्या.

मला एवढं हलकं वाटलं की मी रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवत बसलो.

उस्ताद रस्त्याकडे पाठ करून बसले होते. निवासनं त्यांच्या खांद्याला हात लावला, बोटानं रस्ता दाखवला.

"थांबली का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही. गेली."

उस्तादांनी मान हलवली.

निवास त्यांच्यासमोर उकिडवा बसला. जुना पट्टा त्याच्या हातातच होता. रात्री घरी घेऊन गेला होता म्हणे. "उस्ताद," तो म्हणाला, "काल मी जे बोललो ते..."

"काय बोललास? मला ऐकू येत नाही."

निवास हसला. मग डोळे पुसले. मग पट्टा पुढे केला. "एकच सांगा. हा तुटला असता का?"

उस्तादांनी पट्टा घेतला. उलटा वाकवला, सुलटा केला, अंगठा दातांवरून फिरवला. बराच वेळ... आणि परत त्याच्या हातात दिला.

"अल्लाची मेहरबानी," ते म्हणाले. "ते आता कुणालाच कळायचं नाही."