सादेची खाण

तुम्ही जिथे उभे आहात, ती देवळाची जागा नाही आणि किल्लाही नाही. ही चिऱ्याची खाण आहे. खाली बघा, तांबड्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या कशा कापल्यासारख्या उतरत गेल्यात. कोणी त्या बसण्यासाठी बांधल्या नाहीत. दगड काढत काढत माणसं खाली गेली आणि मागे पायऱ्या राहिल्या. तळाशी उत्तरेच्या कोपऱ्यात चौथरा दिसतो, तो रंगमंच. एवढी मोठी जागा सोडून तो कोपऱ्यात का, असं येणारा प्रत्येक माणूस विचारतो. आणखी एक गोष्ट तुम्हाला जत्रेच्या दिवशी दिसेल. आमच्याकडे खेळाला लोक येतात ते आधी सगळ्यात वरची पायरी भरतात. पुढच्या जागा शेवटी भरतात. याची गोष्ट जुनी आहे. माझ्या सासऱ्यांनी मला सांगितली, तशीच मी सांगते.

आमच्या निवळखोलात तेव्हा हरमलकर शेटांचं घर मोठं होतं. पांडुशेटांची ही खाण आणि बंदरात त्यांची दोन गलबतं. इथला चिरा गलबतात भरून लांबलांबच्या बंदरांना जायचा. खाणीवर चाळीस घरं जगत होती. पुरुष पिकावाने चिरे काढायचे आणि बायका डोक्यावर चुंबळ ठेवून ते वर वाहायच्या. पांडुशेटांना एकच मुलगा, वामन. त्याला सगळं आयतं मिळालं होतं. पण त्याचं लक्ष गलबतात नव्हतं आणि खाणीतही नव्हतं. आसपास कुठेही दशावतार असला की वामनशेट तिथे हजर. नुसता बघायचा नाही. पेटारा कोण उचलतो, राजाचा मुकुट कशाचा करतात, बायका कुठे बसतात, पोरं कधी झोपतात, हे सगळं तो टिपून ठेवायचा म्हणे.

पांडुशेट गेले त्याच वर्षी खाणीला तळ लागला. चिरा संपला आणि खाली पांढरी माती आली. वामनशेटाचे काका मुंबईला होते, त्यांचा मोठा व्यापार. त्यांनी निरोप धाडला, की खाण सोड, गलबतं विक आणि माझ्या पेढीवर येऊन बस. चाळीस घरांनी भांडी बांधायला घेतली.

वामनशेट पेढीवर गेला नाही. सातेरीच्या देवळात सगळ्या गावासमोर त्याने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवीला मोठ्याने सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो म्हणाला, "आई, माझ्या बापाने या खाणीतून दगड काढला. मी यातून खेळ काढीन. तीन जत्रा दे. तिसऱ्या जत्रेला ही खाण भरली नाही, तर मी तोंडाला रंग लावलेल्या माणसाचं नाव पुन्हा घेणार नाही आणि काकाच्या पेढीवर जाईन. तोवर एकही घर हलू नये, एवढं बघ."

देवळाबाहेर हशा झाला. नारायण तेली म्हणाला म्हणे, "शेटनू, बापाशीन खड्डो खणलो, तुमी त्येत काय घालतास, नाटक?"

"नाटकच," वामनशेट म्हणाला. "आणि तूही येशील बघायला."

"मी येतलंय. पडलास तर उचलूक कोण तरी व्हयो."

पहिल्या वर्षी वामनशेटाने मनापासून खर्च केला. तांबडा दगड त्याला ओबडधोबड वाटला. मोठ्या शहरातल्या नाटकगृहाच्या भिंती गुळगुळीत असतात, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून त्याने खाणीच्या भिंतींना चुन्याचा गिलावा करवला आणि त्यावर निळा रंग दिला. मधोमध रंगमंच बांधला. पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या आणि स्वतः मधल्या खुर्चीवर बसला. खेळ करणारी दशावताराची मंडळी नावाजलेली होती. राजाचं काम धोंडू मेस्त्री करायचा. त्याचा आवाज तीन वाड्यांपलीकडे जातो, अशी ख्याती होती. आणि खेळ रात्री न ठेवता उन्हं कलल्यावर ठेवला, म्हणजे बायकांना बघून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येईल. ही त्या काळी नवीनच गोष्ट होती.

खेळ अर्ध्यावर आला आणि वरची माणसं उठून जायला लागली. सगळ्यात आधी उठली चंद्राबाय. तीस वर्षं चिरे वाहिलेली बाई. मजूर बायका पुढे बसायच्या नाहीत, म्हणून ती सगळ्यात वरच्या, शेवटच्या पायरीवर बसली होती. वामनशेट खुर्ची सोडून पायऱ्या चढत तिच्या मागे गेला.

"चंद्राबाय, आवडलं नाही का गो?"

"सोंगा बरी दिसली," ती म्हणाली. "शब्द एक कळाक नाय."

"एवढा मोठा आवाज, आणि कळला नाही?"

"एकदा म्हणता तो, मगे भिंत म्हणता, मगे ती पलीकडली भिंत म्हणता. तीन धोंडू एकदम बोलतत. तुमी पुढे बसतास शेटनू, तुमका एकच आयकाक येता."

वामनशेट तिथेच तिच्या शेजारी बसला. खालून धोंडूचा आवाज येत होता आणि खरंच तो आवाजच होता, शब्द नव्हते. असं सांगतात, की तो उरलेला सगळा खेळ त्याने वर बसून पाहिला. संपल्यावर तिलाच विचारलं, की आता काय करू.

तिने भिंतीकडे बोट केलं. जांभ्याला बारीक बारीक भोकं असतात, तुम्ही हात लावून पाहा. "चिरो आवाज पिता," ती म्हणाली. "तुमी त्येची तोंडा बुजवलास. आणि आमी आदी खालसून हाक मारू, ती मदी उभी रवान नाय. त्या कोपऱ्यात उभ्या रवान मारू. थयसून हाक सरळ वर येता."

दुसऱ्या दिवशी वामनशेटाने खाणीची माणसं बोलावली. निळा गिलावा पिकावाने खरवडून काढायला लावला. तीन महिने ते काम चाललं, आणि तेवढे दिवस चाळीस घरांत चूल पेटत राहिली. रंगमंच मोडून कोपऱ्यात नेला. आणि त्याने जाहीर केलं, की यापुढे चंद्राबाय शेवटच्या पायरीवर बसेल. आपल्याला ऐकू आलं असं ती सांगेपर्यंत खेळ सुरू व्हायचा नाही. मालकाची जागाही तिच्या शेजारी.

धोंडू मेस्त्रीला हे झोंबलं. "आता माझा आवाज चिरे उचलणारी तपासणार काय?"

"ती तपासणार नाही," वामनशेट म्हणाला. "ती ऐकणार. तू ऐकव."

दुसऱ्या जत्रेला कोपऱ्यातून शब्द बरेच वर पोचले. चंद्राबायने हात वर केला आणि खेळ झाला. पण मागच्या वर्षी वैतागून गेलेली माणसं परत आली नाहीत. निम्म्या पायऱ्या रिकाम्या होत्या. वामनशेट खचला नाही. त्याने चिऱ्यासाठी बांधलेल्या गलबतांत पेटारे चढवले आणि आपली मंडळी बंदरोबंदरी नेली. कोळणी, ओझेवाले, देवळातले गुरव, ज्याला वेळ असेल त्याला दिवसाउजेडी खेळ दाखवला. प्रत्येक ठिकाणी तो मागे जाऊन उभा राहायचा. तिथून जे ऐकू येत नसे, ते तो मंडळींना बदलायला लावायचा. शब्द टाकून क्षणभर थांबायचं, तो पोचला की पुढचा टाकायचा, ही आमच्या मंडळींची बोलायची रीत तेव्हाच तयार झाली. धोंडू कुरकुरत शिकला. पण शिकला.

तिसऱ्या जत्रेला ती माणसं बोटींनी, बैलगाड्यांनी, पायी आली. बंदरात ज्यांनी खेळ पाहिला होता, ते आपली म्हातारी माणसं घेऊन आले. दुपारपर्यंत खाण भरली. काका मुंबईहून आले होते, पुतण्याला घेऊन जायच्या तयारीने.

पायपेटी लागली. सगळे वळून शेवटच्या पायरीकडे बघायला लागले. धोंडू कोपऱ्यात उभा राहिला आणि राजाचं पहिलं वाक्य त्याने टाकलं. चंद्राबाय गप्प बसली होती. त्याने पुन्हा टाकलं. तिने हात वर केला नाही. वामनशेट तिच्याजवळ वाकून बोलला आणि ती नुसती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, तेव्हा त्याला कळलं. त्या वर्षभरात चंद्राबायचे कान गेले होते. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तिला तिथे बसवणार नाहीत, अशी तिला भीती होती म्हणे. पण ऐकू न येता हात वर करणं तिला जमेना.

खाली कुजबुज वाढली. काका वर चढून आले आणि पुतण्याच्या कानाशी म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या तरी बाईला हात वर करायला सांग. एवढ्या माणसांत कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," वामनशेट म्हणाला. "आणि तिला कळेल."

"मग ही माणसं उठून जातील. तुझी तिसरी जत्रा आहे ही."

वामनशेटाने होय म्हणून मान हलवली, पण तो जागचा उठला नाही. चाळीस घरांची माणसं त्याच्याकडे बघत होती. खाली नारायण तेली शेजाऱ्याला म्हणाला, "झाला. आता उचलूक जावया." पण तोही उठला नाही.

असं सांगतात, की तेव्हा धोंडू मेस्त्रीने मुकुट काढून बाकड्यावर ठेवला. एवढी वर्षं त्याने तो लोकांसमोर कधी उतरवला नव्हता. त्याची आई याच खाणीत चिरे वाहायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण तो स्वतः ते कधी बोलायचा नाही. तो चौथऱ्यावरून खाली उतरला, जमिनीवर, खाणीतली माणसं उभी राहायची तिथे पाय रोवून उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी नेले. राजाच्या आवाजात नाही, आपल्या आवाजात त्याने हाक मारली. चिरा कापून झाला की खालून वर मारायची हाक.

"चंद्राबाय गो, चिरो इलो."

लांब आणि सावकाश. खाणीत एवढी शांतता झाली, की वरच्या आंब्याची पानं ऐकू आली.

चंद्राबाय उठली. तीस वर्षांची सवय. एका हाताने तिने पदर खोचला आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर नसलेली चुंबळ सारखी केली. आणि खाली बघून म्हणाली, "थांब रे, इलंय."

काहीजण म्हणतात, हाक तिने ऐकलीच नाही, दगडातून तिच्या तळपायांना कळली. काहीजण म्हणतात, देवीने तेवढ्या एका हाकेपुरते तिचे कान उघडले. माझे सासरे म्हणायचे, ज्या हाकेवर बाई तीस वर्षं उठली, ती हाक ऐकायला कान लागत नाहीत. खरं काय ते सातेरीला ठाऊक. पण तिचं "इलंय", म्हणजे आले, अख्ख्या खाणीने ऐकलं. आधी बायका उठल्या, मग पुरुष, आणि शेवटी मुंबईचे काकाही उठून उभे राहिले. त्या दिवशी खेळ दिवेलागणीपर्यंत चालला आणि एकही माणूस मधून उठला नाही, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी लोकांनी पुन्हा तोच खेळ मागितला.

काका एकटेच परत गेले. चाळीस घरांनी बांधलेली भांडी सोडली. कोणी पेटारे वाहू लागला, कोणी मुकुट करू लागला, कोणी गलबतावर गेला, कोणी येणाऱ्यांना जेवण घालू लागला. वामनशेटाच्या पुढे तीन मंडळ्या झाल्या. ज्या बंदरांत त्याच्या बापाचा चिरा उतरायचा, त्या बंदरांत त्याचे खेळ उतरले. चंद्राबाय आणखी सहा वर्षं वर बसली. तिला हाक मारायला धोंडू दरवेळी मुकुट काढून खाली उतरायचा आणि मगच चढायचा.

आजही आमच्याकडे खेळ नमनाने सुरू होत नाही. आधी राजा मुकुट उतरवतो, जमिनीवर येतो आणि वर हाक मारतो. शेवटच्या पायरीवर गावातली, डोक्यावर ओझं वाहिलेली सगळ्यात वयस्क बाई बसते. ती "थांब रे, इलंय" म्हणते, मग पायपेटी. यंदा तो मान भागीरथी काकींचा आहे. त्यांनी चिरे नाही, काजूची पोती वाहिली. यावर गावात बैठक झाली आणि ओझं ते ओझं, असं ठरलं.

आणि हा नुसता मान नाही. चार वर्षांपूर्वी एक शहरातला नट आला होता, नाव मोठं. त्याने मुकुट न काढता उभ्या उभ्या हाक मारली. वरच्या बाई गप्प. त्याने पुन्हा मारली. त्या गप्प. खाणभर माणसं गप्प. कोणी त्याला काही सांगितलं नाही, कोणी हसलं नाही. बऱ्याच वेळाने तो मुकुट काढून आपला आपण खाली उतरला.