कालवी बेटावरची हाक

कालवी बेटाला धक्का नाही. किनाऱ्यापासून पुढे पाण्यात शिरलेला एक काळा, उताराचा खडक आहे आणि होडी त्यालाच लागते. त्याला हाकेचा खडक म्हणतात. त्याची पाण्याकडची बाजू कालवांनी खरखरीत झालेली आहे, पण माथा मात्र जुन्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथे उभ्या राहिल्या म्हणून तो असा झिजला, असं सांगतात. खरंखोटं त्या खडकालाच माहीत.

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या क्रूझवरून कुमुदताई गायधनी आणि त्यांचे यजमान प्रल्हादराव या खडकापाशी आले ते हिवाळ्यातल्या एका स्वच्छ सकाळी. प्रल्हादराव नाशिकला पाटबंधारे खात्यात होते. ते निवृत्त झाले म्हणून मुलीने हौसेने ही सहल घडवून आणली होती. दोघांचा संसार तसा शांत, इतका शांत की शेजारच्या केबिनमधल्या नव्या नवरीने आदल्या संध्याकाळी कुमुदताईंना हळूच विचारलं होतं, "काकू, तुमचं काही बिनसलंय का?" बिनसलेलं काहीच नव्हतं. बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झालं होतं, एवढंच.

जहाज लांब नांगरलं आणि चार-पाच जोडप्यांना घेऊन एक होडी बेटाकडे आली. ती खडकाला लागताच होडीवाल्याने आधी सगळ्या बायकांना उतरवलं आणि पुरुषांना हाताने थोपवलं. खडकावर एक म्हातारा काठी टेकून उभा होता. बेटावर येणाऱ्याजाणाऱ्याला रीत समजावून सांगणं हे त्याचं काम. सगळे त्याला बाबलआजा म्हणत.

"घोवाक नावान हाक मारा," तो बायकांना म्हणाला. "हाक मारल्याबगर हय कोण पुरुष उतरणा नाय. हयची रीत तशी असा."

पोरींनी खिदळत हाका मारल्या. हल्लीच्या मुलींना त्यात काय अवघड? त्यांचे नवरे टणाटण उड्या मारून खाली आले आणि फोटो काढत बेटावरच्या देवळाच्या वाटेला लागलेही. राहिल्या कुमुदताई. त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. लग्नात घेतलेल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती. 'अहो' एवढ्यावर सगळं भागत होतं, आणि अलीकडे तेही फारसं लागत नव्हतं.

"मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना," प्रल्हादराव होडीतून म्हणाले. त्यांना उलट बरंच वाटलं असावं. "तू बघून ये. मी इथेच बसतो." त्यांनी टोपी पुढे ओढली, खिशातून शब्दकोड्याची घडी काढली आणि खडकाकडे पाठ करून बसले. लाटेने होडी खडकावर आपटू नये म्हणून होडीवाल्याने ती थोडी लांब नेऊन नांगरली.

बाबलआजाने जबरदस्ती केली नाही. खडकाच्या वर उंडीचं एक झाड आहे. त्याच्या सावलीत त्याने कुमुदताईंना बसायला सांगितलं आणि रीत का पडली ते ऐकवलं. त्याची बोली थोडी सारखी करून लिहायची तर ती हकिगत अशी.

फार पूर्वी या बेटावर गाबतांची मोजकी घरं होती. माणसं मासेमारीवर जगत. बेटाच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची दाट ओळ आहे आणि तिच्यातून आत यायला एकच वाट. ती वाट या हाकेच्या खडकासमोर उघडते. एका वेळी एकच होडी जाईल एवढीच ती रुंद आहे. उजेडात आंधळ्यालाही सापडेल, पण हिवाळ्यात धुकं उतरलं की डोळसांचंही तिथे काही चालत नसे. मग घरच्या बायका खडकावर येऊन एकेकाला नावाने हाक मारत आणि ज्याचं नाव येई तो आवाजाच्या रोखाने होडी आत घेई.

त्यातही एक पथ्य होतं. धुक्यात गिऱ्हा फिरतो, अशी या किनाऱ्यावर समजूत आहे. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. ते कोणाच्याही आवाजात हाक मारतं आणि माणसाला खडकावर नेऊन फोडतं. म्हणून प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, लहानपणापासून शिकवलेलं असे की, धुक्यात फक्त आपल्या घरच्या माणसाची, नाव घेऊन आलेली हाक खरी मानायची. बाकी कोणी कितीही बोलावलं तरी वल्हं हलवायचं नाही. बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. त्यामुळे हाक मारायची ती आईने, बहिणीने, नाहीतर लेकीने. घराघरात अशी कोणी ना कोणी असेच, आणि म्हणून या व्यवस्थेतलं भोक कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

या बेटावर गुणाजी नावाचा एक तरणा तांडेल होता. त्याच्या बायकोचं नाव भागू. लग्नाच्या वर्षीच गुणाजी तापाने फणफणला आणि वाचायची आशा राहिली नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं तेव्हा बायका मानत. भागूने बेटावरच्या सातेरी देवीपुढे पदर पसरला आणि नवस बोलली की, माझं माणूस उठून बसू दे, जन्मात त्याचं नाव तोंडातून काढणार नाही, उखाण्यातसुद्धा नाही. गुणाजी उठला. भागूने नवस पाळला. हळदीकुंकवाला बायकांनी अडवून धरलं तरी ती हसून मान हलवायची आणि कुंकू न लावता परत जायची. त्या काळात बाईने हे सोसणं काही लहानसहान नव्हे. गुणाजीला तर तिचा भारी अभिमान. कुठल्याही बंदरात चार माणसं जमली की तो छाती पुढे काढून सांगायचा, "आमच्या घरात माझा नाव सातेरीक ठावक आणि माका. बायलेच्या तोंडात ता येणा नाय."

धुकं पडलं की गुणाजीला त्याची आई हाक मारायची. एका पावसाळ्यात ती म्हातारी गेली. घरात बहीण नाही, पोरबाळ नाही. त्यानंतर हिवाळा आला आणि एका सकाळी समुद्रावर असं धुकं उतरलं की खडकावर शेजारी उभी असलेली बाई दिसेना. सगळ्या होड्या बाहेर होत्या.

बायका धावत खडकावर आल्या. आयांनी मुलांना, बहिणींनी भावांना, पोरींनी बापांना हाका मारल्या. एकेक नाव गेलं, एकेक होडी आत आली. शेवटी गुणाजी एकटा बाहेर राहिला. त्याच्या वल्ह्याचा आवाज ऐकू येत होता, पण तो कुठल्या बाजूने येतो ते कळत नव्हतं. भरती लागली होती. होडी हळूहळू खडकांवर ओढली जाणार, हे खडकावरच्या प्रत्येकीला समजत होतं आणि भागूला सगळ्यात आधी.

शेजारणींनी त्याच्या नावाने हाका मारल्या. गुणाजी जागचा हलला नाही. त्या घरच्या नव्हत्या. भागूने घसा फोडून "अवो, हय येवा, अवो!" असा आकांत केला. बिननावाच्या त्या हाकेवर त्याने भरवसा ठेवला नाही; त्याला कधी तसं शिकवलंच नव्हतं. बायका तिला हलवू लागल्या, नाव घे म्हणाल्या. नाव घेतलं तर नवस मोडतो आणि नवरा मरतो. नाही घेतलं तर तो डोळ्यांदेखत मरतो. मग तिने सातेरीच्या दिशेने एकदा हात जोडले, म्हणे, आणि समुद्राकडे तोंड करून ओरडली, "गुणाजी!"

धुक्यातला वल्ह्याचा आवाज थांबला. भागूने पुन्हा हाक मारली. आवाज तिचाच होता, त्यात तिळमात्र शंका नव्हती. आणि मग धुक्यातून गुणाजीचा आवाज आला, खणखणीत, खडकावरच्या प्रत्येकीला ऐकू गेला असा.

"माझी बायल माझा नाव घेणा नाय! तू कोण ता माका ठावक असा!"

त्यापाठोपाठ वल्ही पाण्यात पडली ती जोराने. होडी मागे फिरली होती. भागू ओरडत राहिली की मी भागू, मीच भागू. गुणाजीने तो आवाज कानावर पडू नये म्हणून मोठ्याने सातेरीचं नाव घ्यायला सुरुवात केली. ते दूर दूर जात गेलं. दुपारी धुकं उठलं तेव्हा समुद्र लख्ख मोकळा होता. गुणाजी आला नाही, त्याची होडीही कुठे लागली नाही.

नवस मोडला म्हणून देवी कोपली, असं गावाने ठरवलं. भागूने ते ऐकून घेतलं नाही. "देवीन नाय मारल्यान," ती म्हणाली. "माझ्या गप रवण्यान मारल्यान." त्यानंतर ती रोज खडकावर जाऊन त्याला हाक मारायची. लोकांनी वेडी म्हटलं. पण बेटावर नवी सून आली की भागू तिला हाताला धरून इथे आणायची आणि म्हणायची, "आत्ताच घे गो नाव. तेच्या कानाक तुझ्या आवाजाची सवय होवंदे." आधी सासवा भांडल्या. मग पुढच्या हिवाळ्यात पुन्हा धुकं पडलं, सुनांच्या हाकेवर होड्या आत आल्या आणि सासवा भांडायच्या बंद झाल्या.

बाबलआजा इथे थांबला. सांगताना त्याने आवाज चढवला नव्हता की डोळे पुसले नव्हते. शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट होती ती. कुमुदताईंनाही रडूबिडू आलं नाही. त्या तशा रडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी फक्त होडीकडे पाहिलं. प्रल्हादराव टोपीखाली मान घालून शब्दकोडं सोडवत होते. देवळाकडून पोरापोरींचे आवाज परत येऊ लागले होते. कुमुदताई उठल्या, चपला झाडाखाली काढल्या आणि खडकाच्या माथ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"प्रल्हाद!"

आवाज बारीक निघाला. स्वतःच्याच तोंडून ते नाव ऐकून त्या ओशाळल्या. होडीवाल्याने वर पाहिलं. प्रल्हादराव हलले नाहीत.

"प्रल्हाद!" या वेळी त्यांनी पोटातून हाक मारली.

प्रल्हादरावांनी मान वर केली. हातातला कागद गुडघ्यावर ठेवला, कपाळाशी तळहात धरला आणि पाहिलं ते समोर समुद्राकडे. लांब जहाज उभं होतं, मध्ये नुसतं पाणी होतं. आपल्याला कोण हाक मारतंय ते शोधत त्यांची नजर त्या पाण्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. खडकाकडे पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

घरात रोज जेवायला वाढलेल्या माणसाला आपला आवाज ओळखता येत नाही, हे कुमुदताईंना उन्हात उभं राहून कळलं. त्यांना भीती वाटली, स्वच्छ भीती.

"प्रल्हाद, मी आहे! इकडे! मी कुमुद!"

तेव्हा ते वळले.

आजही कालवीवर होडी लागली की बायका आधी उतरतात आणि पुरुष हाकेची वाट पाहत बसतात. बेटावरच्या नव्या सुना पहिल्याच दिवशी हाकेच्या खडकावर उभ्या राहतात. सगळ्यांची हाक मारून झाली की बेटावरची सगळ्यात म्हातारी बाई गुणाजीलाही एक हाक मारते, असं सांगतात. हाक किती वेळा मारायची याला मात्र नियम नाही. तो वळेपर्यंत मारायची.